बहात्तर तासांचा राखीव नमुना

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या नवऱ्याच्या पोटात दुखू लागले. पावणेआठपर्यंत तो चारदा जाऊन आला. पाचव्यांदा जाताना त्याने दारातूनच सांगितले, की काल संध्याकाळी जिथे जेवलो त्या हॉटेलची तक्रार कर.

घरात आम्ही तिघे. नवरा विमा कार्यालयात दावे तपासतो. रिकामा रकाना दिसला की तो भरल्याखेरीज त्याला चैन पडत नाही. शिवाय तो कार्यालयाचा 'आहारमित्र' आहे, म्हणजे सहकाऱ्यांनी काय खाऊ नये हे त्यांना सांगतो. तिथल्या फलकावर हातात सफरचंद धरलेला त्याचा फोटो लावलेला आहे. मी रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासते. सासूबाई, ज्यांना मीही आईच म्हणते, घरी असतात. 'घरी असतात' याचा अर्थ दोन वेळचा स्वयंपाक आणि आमचे दोन डबे त्या करतात, आणि मंगळवारी व शुक्रवारी एक डबा शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना देतात. काकू एकट्या राहतात आणि मशीनवर बसल्या की जेवण विसरतात.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही दोघे बाहेर जेवतो. तेवढाच आईंना आराम, असे आम्ही म्हणतो. त्या संध्याकाळी त्या फक्त स्वतःपुरता स्वयंपाक करतात.

मी हॉटेलच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. शेवटी एक चौकट होती, 'आपला अनुभव आरोग्य कार्यालयास कळवावा'. तिच्यात बरोबरची खूण आधीच केलेली होती. कुणीतरी आपल्यासाठी विचार करून ठेवला आहे, याचे मला बरे वाटले.

गुरुवारी संध्याकाळी आरोग्य निरीक्षक आले. सडपातळ, शांत, नम्र गृहस्थ. त्यांनी पाणी नको म्हटले, कारण ते कामावर असताना अनोळखी स्रोताचे पाणी पीत नाहीत.

"हॉटेलच्या राखीव नमुन्याचा अहवाल आलाय," ते म्हणाले. "स्वच्छ आहे."

"राखीव नमुना म्हणजे?" आईंनी विचारले.

"शिजवलेल्या प्रत्येक पदार्थातलं अडीचशे ग्रॅम काढून ठेवायचं. बंद डब्यात, चार अंशांवर, बहात्तर तास. कुणी तक्रार केली तर ते तपासता येतं. आता तुमचा कुठे आहे?"

"आमचा कसला?" नवरा म्हणाला.

"शुक्रवारच्या डब्याचा."

"तो मी खाल्ला."

"सगळा?"

"सगळा," नवरा म्हणाला आणि ओशाळून त्याने खाली पाहिले.

निरीक्षकांनी तक्ता पुढे केला. अन्नाच्या स्रोताखाली दोन पर्याय होते, घर आणि हॉटेल. नवऱ्याचे पेन क्षणभर अडले. मला वाटले, पुन्हा कळ आली. मग त्याने दोन्हींवर खूण केली.

"हॉटेल सुटलं," निरीक्षक म्हणाले. "राहिलं घर."

"अहो, तीच भाजी मी खाल्ली, सुनेनं खाल्ली," आई म्हणाल्या. "शेजारच्या काकूंनी खाल्ली. आम्हाला काही झालं नाही."

"तुमचा नमुना तुमच्या पोटात आहे, आजी. तो आम्हाला घेता येत नाही. स्वयंपाकाचं प्रशिक्षण कुठे झालं?"

"प्रशिक्षण कसलं? लग्न झाल्यापासून करतेय. एक्केचाळीस वर्षं झाली."

"म्हणजे नाही," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी लिहिले.

आठ दिवसांनी कागद आला. 'संशयित स्रोत : घरगुती स्वयंपाकघर. स्वयंपाकी : ज्येष्ठ महिला, अप्रशिक्षित. नव्वद दिवस निरीक्षणाधीन. या काळात सदर महिलेने कुटुंबाबाहेरील व्यक्तीस अन्न देऊ नये. निष्कलंक नोंदी सादर न झाल्यास मनाई कायम करण्यात येईल.'

आईंनी कागद चष्मा लावून एकदा वाचला आणि चष्मा काढून पुन्हा एकदा वाचला. मग काकूंचा डबा घासून, पुसून, फडताळाच्या वरच्या फळीवर पालथा ठेवला. सून म्हणून मला त्यांची इतकी ओळख आहे, की डबा पालथा ठेवताना त्यांचा हात नको तितका हळू चालला हे माझ्या लक्षात आले.

त्याच दिवशी मी ठरवले, आईंच्या नावाला लागलेला डाग पुसायचा. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झाले ते सगळे प्रेमापोटी झाले.

खरे तर निरीक्षकांचे म्हणणे मला पहिल्या वाक्यालाच पटले होते. आमच्या कारखान्यात रंगाच्या प्रत्येक घाण्यातला लहान डबा दोन वर्षे जपून ठेवतात. भिंतीचा रंग उडाला म्हणून गिऱ्हाईक भांडायला आले की आम्ही तो डबा उघडतो आणि दोष भिंतीचा आहे असे सिद्ध करतो. नमुना ज्याच्याकडे नाही त्याचा दोष, हे मी स्वतः कितीतरी भिंतवाल्यांना ऐकवले आहे.

सोमवारपासून नमुने सुरू झाले. तीन पदार्थ, दोन वेळा, तीन दिवस, म्हणजे अठरा डबे. पण एकाच नमुन्यावर विसंबणे शास्त्रशुद्ध नव्हे, म्हणून मी कारखान्याच्या रीतीने दुबार नमुना ठेवला. छत्तीस डबे झाले. शीतकपाटात ते नीट बसावेत म्हणून दूध, अंडी आणि नवऱ्याची औषधे खिडकीत ठेवली.

आई भाजी करत ती तिघांना मिळून सातशे ग्रॅम होई. त्यातले पाचशे नमुन्यात गेले की दोनशे उरत. नमुना आधी काढायचा असतो, माणसांनी हात लावण्यापूर्वी. तोही प्रातिनिधिक हवा, म्हणजे वरचा, मधला आणि तळाचा. आई पळी घेऊन बाजूला उभ्या राहत. मी तापमान घेई, नवरा चिठ्ठ्या लिही. एवढे होईपर्यंत भात गार होई, आणि गार झालेल्या भाताचे तापमान पुन्हा घ्यावे लागे, कारण आता तो वेगळा पदार्थ असतो.

थोडक्यात, घरात चौथा माणूस जेवायला आला. तो वेळेवर येई, सगळ्यांच्या आधी वाढून घेई, मिठाबद्दल कधी तक्रार करत नसे आणि आमच्या तिघांपेक्षा जास्त जेवत असे.

दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याने एक त्रुटी दाखवली. "स्वयंपाकी आणि नमुन्याचा ताबा एकाच व्यक्तीकडे नको. उद्या कुणी म्हणेल, आईने डबा बदलला."

"मी कशाला बदलू?" आई म्हणाल्या.

"तू बदलणार नाहीस गं. पण बदलू शकतेस. दाव्यात हेच बघतात."

तेव्हा शीतकपाटाला कुलूप लावले. किल्ली माझ्याकडे. आईंनी त्या दिवशी कागदावर सही केली, 'मी शीतकपाट उघडणार नाही'. सही करताना त्यांनी विचारले, "बर्फ हवा असला तर?" नवऱ्याने त्यासाठी वेगळा अर्ज तयार केला.

त्याच आठवड्यात खिडकीतले दूध नासले. नासले म्हणजे नोंद आली. नोंद वाचून कार्यालयाने कळवले, की घरातील सर्व जेवणाऱ्यांनी 'विचारपूर्वक आहार' या विषयाचे प्रशिक्षण पूर्ण करावे.

प्रशिक्षण एका शाळेच्या रिकाम्या वर्गात होते. मार्गदर्शिकेचा आवाज इतका मऊ होता, की मागच्या बाकांवर पोहोचेपर्यंत विरून जाई. तिने प्रत्येकाच्या तळहातावर एक मटाराचा दाणा ठेवला.

"या दाण्याकडे पाहा," ती म्हणाली. "त्याला घाई नाही. स्वतःला तीन प्रश्न विचारा. मला खरंच भूक आहे का? हा कुठून आला? हा खाल्ल्यावर माझ्यात काय बदलेल?"

वीस मिनिटे आम्ही दाण्याकडे पाहिले. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. मार्गदर्शिकेने त्याला उभे करून वर्गाला दाखवले, की इतका सजग जेवणारा क्वचित सापडतो. आईंनी दाणा पहिल्याच मिनिटाला तोंडात टाकला होता. त्यांना शेरा मिळाला, 'घाई. पुन्हा यावे'.

"ताई, एक विचारू?" आई म्हणाल्या. "हे तीन प्रश्न जेवणाऱ्यांनी विचारायचे, बरोबर?"

"हो, आजी."

"तेवढ्यात भात गार होतो. तो पुन्हा गरम कुणी करायचा, हा चौथा प्रश्न कुणी विचारायचा?"

मार्गदर्शिका हसली आणि म्हणाली, की विचारांत नकारात्मकता आली की अन्न पचत नाही. ते शेऱ्याखाली लिहिले गेले.

त्यानंतर आम्ही घरी विचारपूर्वक जेवू लागलो. दोनशे ग्रॅम भाजीत तिघे असल्याने विचाराला पुष्कळ वेळ मिळे. नवरा प्रत्येक घासाआधी डोळे मिटे. एकदा त्याने डोळे उघडले तेव्हा त्याच्या ताटातला पाव माझ्या ताटात होता. मी तो विचारपूर्वकच घेतला होता.

महिन्याभरात आमचे वजन उतरले. नवऱ्याच्या कार्यालयाने त्याच्या सफरचंदाच्या फोटोखाली त्याचे वजनही लिहिले आणि टाळ्या वाजवल्या. पण भूक काही केल्या जाईना. शेवटी आम्ही पुन्हा बाहेर जेवू लागलो. आधी शुक्रवारी, मग सोमवारी, मग जमेल तेव्हा. आणि जाणार कुठे? गावात नमुना स्वच्छ निघाल्याचा सरकारी अहवाल एकाच हॉटेलकडे होता. आम्ही तक्रार केली होती त्या.

व्यवस्थापक दारात येऊन हात जोडे. "या, या. तुमच्यामुळे आमचं नाव झालं." आमच्या तक्रारीवरचा अहवाल त्याने चौकटीत बसवून गल्ल्यामागे लावला होता. आम्ही त्याच्याखालच्याच टेबलावर बसत असू.

"आईसाठी काही बांधून नेऊया का?" मी एकदा म्हटले.

"बाहेरचं अन्न घरात नेलं तर नमुन्यांत सरमिसळ होईल," नवरा म्हणाला.

ते बरोबरच होते.

आम्ही घरी जेवत नाही, हे आईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्यांनी भांडण केले नाही, तोंड पाडले नाही. त्या लहान पातेले काढून प्रत्येक पदार्थ बरोबर पाचशे ग्रॅम करू लागल्या. अडीचशे या डब्यात, अडीचशे त्या डब्यात. पळी निथळून ठेवली की पातेले कोरडे. मी पाहिले आणि माप इतके अचूक आल्याचे कौतुक केले. कारखान्यातल्या लोकांनाही इतके जमत नाही, असे मी त्यांना म्हणाले. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

आता आमच्या स्वयंपाकघरात रोज दोनदा स्वयंपाक होत होता, प्रत्येक पदार्थाची नोंद होत होती आणि तो कुणीही खात नव्हते. तिसऱ्या दिवशी डबे रिकामे करायचे, धुवायचे, भरायचे. नोंदींमध्ये दोष निघेना. पोटदुखी शून्य, उलटी शून्य, तक्रार शून्य.

नव्वदाव्या दिवशी निरीक्षक आले. सोबत छायाचित्रकार होता. त्यांनी कुलूप उघडायला लावले आणि डब्यांच्या रांगा पाहिल्या.

"एवढं स्वच्छ स्वयंपाकघर मी कुठल्या रुग्णालयातही पाहिलं नाही," ते म्हणाले. पिशवीतून त्यांनी प्रमाणपत्र काढले. 'आदर्श घरगुती स्वयंपाकघर'. खाली मनाई उठवल्याचा शेरा होता. "आजींना बोलवा. फोटोत हव्यात."

आई घरात नव्हत्या. गॅसजवळ पळी टांगलेली होती, ओटा पुसलेला होता. त्या नेहमी या वेळी घरात नसतात का, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. निरीक्षक घाईत होते, म्हणून फोटो आमच्या दोघांचाच निघाला. नवऱ्याने प्रमाणपत्र धरले, मी डबा.

ते गेल्यावर आम्ही शेजारी गेलो. दार नुसते लोटलेले होते. खोलीभर कापडाचे तुकडे पडले होते. शिवणाचे मशीन भिंतीकडे सरकवून काकू आणि आई जमिनीवर बसल्या होत्या. मध्ये एक पातेले होते, दोघी त्यातूनच भात वाढून घेत होत्या आणि तोंडात घास असताना हसत होत्या. पातेल्यातून वाफ येत होती. वाफ येणारा भात मी तीन महिन्यांनी पाहिला. सवयीने माझा हात खिशातल्या तापमापकाकडे गेला.

"या," काकू म्हणाल्या. "जेवलात का?"

नवरा म्हणाला, "कशाच्या संदर्भात विचारताय?"

काकूंनी आईंकडे पाहिले. आई म्हणाल्या, "त्याचं असंच झालंय आता."

"आई, मनाई उठली," मी प्रमाणपत्र पुढे केले. "तुमचं नाव स्वच्छ झालं. आता तुम्ही काकूंना डबा देऊ शकता."

"ती कशाला देतेय?" काकू म्हणाल्या. "दोन महिने झाले, मीच शिजवतेय. कागदात लिहिलंय तिनं मला द्यायचं नाही. मी तिला द्यायचं नाही असं कुठं लिहिलंय? आणि नाव स्वच्छ झालं म्हणजे? मळलं होतं कुणाचं? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशी रद्द केली म्हणून पेढे वाटा."

"चोर कोण?" मी विचारले.

काकूंनी पुन्हा आईंकडे पाहिले. आईंनी हातातला घास संपवला. मग माझ्याकडे नाही, मुलाकडे पाहिले.

"त्या शुक्रवारचा शर्ट मी धुतला, बाळ. खिशाला मलई होती. आत केकच्या कागदी वाट्या होत्या. तीन."

नवऱ्याने खाली पडलेला एक कापडाचा तुकडा उचलला आणि त्याची घडी घातली.

"निरोपसमारंभ होता साहेबांचा," तो शेवटी म्हणाला. "केक सकाळपासून टेबलावर होता. आग्रह केला सगळ्यांनी."

"तीनदा?" मी विचारले.

"मी आहारमित्र आहे गं. कसं सांगणार? आणि तक्त्यात घर आणि हॉटेल दोनच पर्याय होते. कार्यालय असा रकानाच नव्हता. असता तर मी भरला असता."

तो खरे बोलत होता. रकाना असता तर त्याने नक्की भरला असता.

"आई, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हणाले. "मग बोलला का नाहीत?"

"त्याचं तो सांगेल म्हणून थांबले. पोटचं पोर आहे, चारचौघांत कशाला उघडं पाडू?"

"निदान मला तरी सांगायचं."

"तू विचारलंस कधी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागले. "नव्वद दिवसांत माझ्या सह्या घेतल्यास. माझ्या भाताला ताप आहे का ते बघितलंस. तुझ्या कागदांवर माझ्यासाठी सहीची जागा होती गं, बोलायची नव्हती."

दुसऱ्या दिवशी नवरा आरोग्य कार्यालयात गेला. सत्य नोंदवायचे, असे त्याने खरोखर ठरवले होते. निरीक्षकांनी त्याचे शांतपणे ऐकून घेतले.

"तुमचा केक मान्य केला तर स्वयंपाकघर कधी संशयित नव्हतंच," ते म्हणाले. "संशयितच नव्हतं, तर त्याला निर्दोष ठरवणारं प्रमाणपत्र चुकीचं ठरतं. ते रद्द करावं लागेल. आणि ज्याचं प्रमाणपत्र रद्द झालं ते स्वयंपाकघर आपोआप निरीक्षणाधीन जातं. नव्वद दिवस. करू का नोंद?"

नवरा घरी परत आला. नोंद केली नाही. आईंना पुन्हा नव्वद दिवस नकोत, असे तो म्हणाला. फलकावरचा सफरचंदाचा फोटो त्याच कारणासाठी राहिला.

प्रमाणपत्र ओट्यासमोर लावले आहे. कुलूप काढले, डबे कारखान्यात नेऊन टाकले. आई पुन्हा आमच्यासाठी दोन वेळा स्वयंपाक करतात आणि सातशे ग्रॅम भाजी सातशेच राहते. पण आमची ताटे वाढून झाली की त्या चप्पल घालतात आणि शेजारी जेवायला जातात. मी दोनदा थांबवून पाहिले. "तुम्ही बसा विचार करत," त्या म्हणाल्या, "मला भूक लागलीये."

जुने तक्ते फेकण्याआधी मी ते सगळे एकदा चाळले. पदार्थ, वजन, तापमान, वेळ, चव, जेवणाऱ्याचे समाधान असे एकोणीस रकाने होते. मी पेन्सिलने विसावा आखला, 'स्वयंपाक करणारी व्यक्ती जेवली का? कधी? काय?' मग मागे जाऊन तो मी या घरात आल्यापासूनच्या नऊ वर्षांचा भरायचा प्रयत्न केला. एकही चौकट भरता आली नाही.

हे फक्त आमच्याच घरापुरते असेल, म्हणून मी तक्ता कारखान्यात नेला. सहकारी सुशिक्षित आहेत. कुठल्या हॉटेलात कुठला पदार्थ चांगला मिळतो आणि त्याला किती तारे द्यावेत, हे त्यांना तोंडपाठ आहे. सव्वीस जणांनी तक्ता घेतला. अठरा रकाने झटपट भरले, एकोणिसाव्यात समाधानही नोंदवले. विसाव्याशी आल्यावर सव्वीसही जणांनी विचारले, की हा रकाना भरणे सक्तीचे आहे का.

तुमच्यासाठी एक तक्ता माझ्याकडे शिल्लक आहे. तुम्हीही आत्ता तेच विचारणार होतात. सक्तीचे नाही.